व्यापाऱ्यांनी बांधलेला राजवाडा

युरोपच्या राजधान्यांमध्ये राजवाड्यांची वाण नाही. व्हिएन्ना, माद्रिद, स्टॉकहोम, लंडन, कोठेही गेले तरी राजघराण्यांनी आपल्या वैभवासाठी उभारलेले प्रासाद प्रवाशाची वाट पाहत असतात. नेदरलँड्सची राजधानी अ‍ॅमस्टरडॅम येथील राजवाडा मात्र या मालिकेत बसत नाही. तो कोणत्याही राजाने बांधलेला नाही. धान्य, लाकूड, मीठ, मासे, कापड आणि मसाल्याचे पदार्थ यांच्या व्यापारावर श्रीमंत झालेल्या एका शहराने आपल्या नगरसभेची कचेरी म्हणून तो सतराव्या शतकात बांधला. उद्घाटनानंतरची पहिली दीडशे वर्षे या वास्तूत राजा नव्हता. तेथे नगराध्यक्ष बसत, न्यायाधीश बसत, विम्याचे आणि दिवाळखोरीचे अधिकारी बसत आणि खालच्या मजल्यावर एक बँक चालत असे. म्हणूनच व्यापारी परंपरेत वाढलेल्या कुटुंबांना हा राजवाडा पाहताना झुंबरांपेक्षा दारांवरची शिल्पे अधिक बोलकी वाटतील.

दाम चौकातील वास्तू

अ‍ॅमस्टरडॅमच्या मुख्य रेल्वे स्थानकातून बाहेर पडून दामराक या रस्त्याने सरळ चालत गेले की दहा मिनिटांत दाम चौक लागतो. मराठी कानाला ‘दाम’ म्हटले की पैसा आठवतो. डच भाषेत त्याचा अर्थ बांध असा आहे. तेराव्या शतकात आम्स्टेल नदीवर घातलेल्या बांधाभोवती ही वस्ती वाढली आणि त्या बांधावरूनच शहराला नाव मिळाले. पुढे याच जागी बाजार भरू लागला, मालाचे वजन करणारे काटाघर उभे राहिले आणि जवळच शेअर बाजारही आला.

१६४८ साली स्पेनबरोबरचे ऐंशी वर्षांचे युद्ध संपले आणि डच प्रजासत्ताकाला मान्यता मिळाली. त्याच वर्षी २८ ऑक्टोबरला नव्या नगरगृहाचा पहिला दगड बसवण्यात आला. वास्तुकार होते याकोब फान काम्पेन. त्यांनी रोमन वास्तुकलेचा आदर्श पुढे ठेवून चौकोनी, प्रमाणबद्ध, भव्य आराखडा केला. बांधकाम चालू असतानाच १६५२ साली शेजारचे जुने नगरगृह आगीत भस्मसात झाले. त्या भग्नावशेषांचे रेखाचित्र रेम्ब्रांट या थोर चित्रकाराने काढून ठेवले आहे. १६५५ च्या जुलैमध्ये अपूर्ण अवस्थेतच नव्या वास्तूचे उद्घाटन झाले. त्याच्या आधी वर्षभर मतभेदांमुळे फान काम्पेन काम सोडून गेले होते. पुढचे काम डानिएल स्टालपार्ट यांनी पाहिले आणि ते १६६५ पर्यंत चालले.

अ‍ॅमस्टरडॅमची जमीन दलदलीची आहे. एवढा दगडी भार तिला पेलवणे शक्य नव्हते. म्हणून आधी जमिनीत लाकडी खांब ठोकून पाया तयार करण्यात आला. त्या खांबांची संख्या १३,६५९. डच शाळांतील मुलांना हा आकडा लक्षात ठेवण्याची युक्ती शिकवतात: वर्षाचे दिवस ३६५, त्याच्या आधी १ आणि नंतर ९ लिहावेत. हे खांब भूजलाच्या पातळीखाली बुडालेले असतात. तेथे हवा पोहोचत नाही, त्यामुळे लाकूड सहसा कुजत नाही. वरच्या साऱ्या वैभवाचा भार अशा रीतीने कोणाच्याही दृष्टीस न पडणाऱ्या गोष्टीवर उभा आहे. व्यापारातील पतही अशीच असते.

चौकातून पाहताना एक गोष्ट प्रथम खटकते. एवढ्या मोठ्या इमारतीला महाद्वार नाही. तळाशी सात लहान कमानी आहेत. प्रजासत्ताकातील सात प्रांतांचे ते प्रतीक मानले जाते. दर्शनी भागाच्या शिखरावर शांतीची ब्राँझची मूर्ती आहे आणि तिच्या दोन्ही बाजूंना विवेक व न्याय उभे आहेत. मनोऱ्यावरच्या वातकुक्कुटाच्या जागी कोंबडा नसून जहाज आहे. प्रवाशाने इमारतीला वळसा घालून मागची बाजूही अवश्य पाहावी. तेथे खांद्यावर आकाशगोल पेलणारा अ‍ॅटलास उभा आहे आणि त्याच्या खालच्या त्रिकोणी शिल्पपटात जगातील खंड अ‍ॅमस्टरडॅम नगरीच्या चरणी आपापला माल आणून ठेवत आहेत.

न्यायाचा दरबार

तळमजल्यावर संगमरवरी न्यायकक्ष आहे. येथे फक्त मृत्युदंडाची शिक्षा सुनावली जात असे. न्यायासनामागच्या भिंतीवर शिल्पकार आर्टस क्वेलिनस यांनी तीन प्रसंग कोरले आहेत. पहिल्यात राजा सॉलोमन दोन स्त्रियांपैकी खरी आई कोण हे ओळखतो. दुसरा प्रसंग झॅल्युकस या ग्रीक कायदेकर्त्याचा आहे. विशिष्ट अपराधासाठी दोन्ही डोळे काढण्याचा कायदा त्याने केला आणि त्याच अपराधात त्याचा मुलगा सापडला. कायदा मोडायचा नाही आणि मुलाला पूर्ण आंधळेही करायचे नाही, म्हणून त्याने मुलाचा एक आणि स्वतःचा एक डोळा दिला. तिसऱ्या प्रसंगात रोमचा ब्रूटस राज्याविरुद्ध कट करणाऱ्या आपल्या मुलांनाच देहदंड देतो. शिल्पपटांमधल्या स्त्रीमूर्तींनी शरमेने व दुःखाने आपले चेहरे झाकले आहेत.

या कक्षाच्या जाळीदार खिडक्या थेट चौकात उघडत. शिक्षा बंद दाराआड सुनावली जात नाही, हे रस्त्यावरच्या माणसाला दिसावे अशी ही योजना होती. शिक्षा कठोर होत्या आणि आजच्या मनाला त्या अस्वस्थ करतात. तरीही अधिकाराने उघड्यावर वागावे आणि कायदा करणाऱ्यालाही तो लागू असावा, ही दोन तत्त्वे त्या दगडात स्पष्ट वाचता येतात.

पायाखालचे जग

पहिल्या मजल्यावर गेले की नागरिकांचा दिवाणखाना लागतो. नावाप्रमाणेच हा दालनभर पसारा नागरिकांसाठी होता; कोणीही यावे, फिरावे, आपले काम असेल त्या कचेरीत जावे. भिंती शुभ्र संगमरवराच्या, छत अतिशय उंच, आणि जमिनीवर संगमरवरात बसवलेले तीन विशाल गोल नकाशे: दोन पृथ्वीच्या गोलार्धांचे आणि मधला आकाशातील ताऱ्यांचा. कचेरीत कर भरायला किंवा दावा दाखल करायला आलेला माणूस सारे जग पायाखाली तुडवत जाई. आजचा प्रवासीही तसाच जगाच्या नकाशावरून चालतो.

या नकाशात भारताचा किनारा शोधताना मराठी वाचकाला त्या काळाचे दोन धागे आठवावेत. डच ईस्ट इंडिया कंपनीची स्थापना १६०२ साली झाली. १६३७ मध्ये तिने कोकणात वेंगुर्ल्याला वखार घातली. गोव्याच्या पोर्तुगीजांची नाकेबंदी करणाऱ्या डच जहाजांना तेथून रसद मिळत असे. त्या वखारीचे भग्न अवशेष आजही वेंगुर्ल्यात उभे आहेत. दुसरा धागा सुरतेचा. तेथील वीरजी व्होरा हे जैन श्रेष्ठी त्या काळातील भारताच्या सर्वांत धनाढ्य व्यापाऱ्यांपैकी एक होते. मिरी आणि इतर मसाल्यांच्या घाऊक व्यवहारात त्यांचा मोठा दबदबा होता. इंग्रज व डच या दोन्ही कंपन्या त्यांच्याशी देवघेव करीत आणि इंग्रज कंपनी तर वारंवार त्यांच्याकडून कर्ज घेत असे. दाम चौकातील इमारत बांधली जात होती त्याच वर्षांत सुरतेच्या पेढीवरूनही दूरदूरच्या शहरांवर हुंड्या लिहिल्या जात होत्या. ॲमस्टरडॅमची विनिमयपत्रे आणि आपल्याकडच्या दर्शनी व मुदती हुंड्या यांचे काम एकच होते: नाणे जागेवर ठेवून पत प्रवासाला पाठवायची.

पायाखालच्या जगाची दुसरीही बाजू आहे. इमारतीच्या मागच्या शिल्पपटात खंड आपणहून भेटी आणताना दाखवले आहेत. इतिहास तसा नाही. १६८३ साली दक्षिण अमेरिकेतील सुरिनाम ही वसाहत चालवणारी संस्था स्थापन झाली, तेव्हा तिचा एक तृतीयांश वाटा अ‍ॅमस्टरडॅम शहराने घेतला. तेथील उसाचे मळे आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांच्या श्रमांवर चालत. म्हणजे या दालनाशेजारच्या खोल्यांमध्ये बसणारे प्रतिष्ठित नगरपिते माणसांच्या खरेदी-विक्रीवर उभ्या असलेल्या धंद्याचे भागीदार होते. या सहभागाबद्दल अ‍ॅमस्टरडॅमच्या महापौरांनी १ जुलै २०२१ रोजी शहराच्या वतीने जाहीर क्षमा मागितली. १ जुलै २०२३ रोजी याच शहरात राजे विलेम-अलेक्झांडर यांनीही गुलामगिरीबद्दल क्षमायाचना केली. नफ्याच्या हिशोबात जे दुःख कधी लिहिले गेले नाही, ते सव्वातीनशेहून अधिक वर्षांनी नावे पडले.

दिवाळखोरीच्या दारावरचे उंदीर

दिवाणखान्याच्या सभोवती गॅलऱ्या आहेत आणि त्यांत निरनिराळ्या कचेऱ्यांची दारे. प्रत्येक दारावर त्या कचेरीच्या कामाला साजेसे शिल्प आहे. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही कोणते दार कशाचे हे कळावे आणि आत बसणाऱ्या अधिकाऱ्यालाही येता-जाता आपले कर्तव्य आठवावे, असा त्यामागे दुहेरी हेतू दिसतो. सागरी विम्याच्या कचेरीवर डॉल्फिनच्या पाठीवर बसून समुद्रातून सुखरूप परतणारा एरियन हा ग्रीक गायक आहे. जहाज बुडाले तरी माणूस तरावा, हाच विम्याचा अर्थ.

यांतील सर्वांत विलक्षण दार दिवाळखोरीच्या कचेरीचे. त्यावर इकारसचे पतन कोरले आहे. मेणाने चिकटवलेले पंख लावून तो उडाला, वडिलांनी बजावले असतानाही सूर्याच्या फार जवळ गेला, मेण वितळले आणि तो समुद्रात कोसळला. त्या शिल्पाभोवतीची वेलबुट्टी जवळून पाहावी. इतर दारांवर जेथे फळे-फुले असतील, तेथे येथे रिकामी तिजोरी आहे, न फेडलेल्या देण्याचे कागद आहेत आणि ते कुरतडणारे उंदीर आहेत.

आपल्याकडे ‘दिवाळे’ या शब्दाची एक परंपरागत व्युत्पत्ती सांगतात. देणी भागवणे अशक्य झालेला व्यापारी भर दिवसा दुकानात दिवा लावून ठेवी. तो दिवा पाहून धनकोंनी काय ते समजावे. ही व्युत्पत्ती विद्वानांत वादाची असली, तरी तिच्यातील चित्र अर्थपूर्ण आहे. दिवा काय किंवा दारावरचे उंदीर काय, अपयश लपवू नये, ते जाहीर करावे, हाच दोन्हींचा संकेत. अ‍ॅमस्टरडॅमच्या या कचेरीची स्थापना १६४३ साली झाली होती. ऋणकोची मालमत्ता ताब्यात घ्यायची, तिची यादी करायची, ती विकून धनकोंना त्यांचा वाटा द्यायचा आणि शक्य तेथे तडजोड घडवायची, हे तिचे काम.

१६५६ मध्ये, म्हणजे नव्या वास्तूच्या उद्घाटनानंतर एका वर्षाने, या कचेरीकडे एक प्रसिद्ध नाव आले: रेम्ब्रांट. १६३९ साली त्यांनी १३,००० गिल्डरला एक मोठे घर घेतले होते. त्याचे पैसे त्यांना कधीच पूर्ण फेडता आले नाहीत. चित्रे, शिल्पे, शस्त्रे, शिंपले, दुर्मीळ मुद्राचित्रे असे जे आवडेल ते ते विकत घेत गेले. कचेरीच्या अधिकाऱ्यांनी त्यांच्या घरातील वस्तूंची ३६३ नोंदींची यादी केली. संग्रह लिलावात गेला. १६५८ साली घरही विकले गेले, तेही सुमारे ११,२०० गिल्डरला, म्हणजे खरेदीपेक्षा कमी किमतीत. ज्या कारकुनांनी ती यादी केली त्यांना कल्पनाही नसेल की पुढे हीच यादी कलेच्या अभ्यासकांसाठी अमोल साधन ठरेल आणि तिच्याच आधारे त्या घराचे संग्रहालय सजवले जाईल.

रेम्ब्रांटचा आणि या वास्तूचा संबंध तेथेच संपला नाही. गॅलरीसाठी चित्रे काढण्याचे काम होफर्ट फ्लिंक या त्यांच्याच शिष्याला मिळाले होते. १६६० मध्ये फ्लिंक यांचा अकाली मृत्यू झाला आणि त्यातील एक भव्य चित्र रेम्ब्रांटकडे आले. रोमनांविरुद्ध शपथ घेणाऱ्या बटाव्हियन सरदाराचे ते चित्र काही काळ येथे लावले गेले आणि मग उतरवून परत पाठवण्यात आले. रेम्ब्रांटने ते कापून लहान केले. आज तो तुकडा स्टॉकहोमच्या राष्ट्रीय संग्रहालयात मानाच्या जागी आहे. येथे त्याच्या जागी दुसऱ्या चित्रकाराने घाईने पुरे केलेले चित्र दिसते. नगरपित्यांना मालाची पारख होती, पण त्या एका प्रसंगी ती चुकली.

निष्ठा आणि मौन

नगराध्यक्षांच्या दालनातील दोन मोठ्या चित्रांचा विषय आहे अधिकाऱ्याची कसोटी. फेरडिनांड बोल यांच्या चित्रात रोमचा दूत फाब्रिशियस उभा आहे. शत्रुराजाने आधी त्याला सोन्याचा लोभ दाखवला. तो साधला नाही तेव्हा पडद्याआडून अचानक हत्ती पुढे आणून भय दाखवले. फाब्रिशियस दोन्ही वेळा अविचल राहिला. फ्लिंक यांच्या चित्रात डेंटाटस हा रोमन सेनानी शत्रूच्या दूतांनी आणलेले सोने नाकारतो; आपल्याला आपले शलगमाचे जेवण पुरेसे आहे, असे तो सांगतो. जैन स्वयंपाकघरात शलगमाला प्रवेश नाही; परंतु ज्याच्या गरजा थोड्या त्याला विकत घेता येत नाही, हा चित्राचा आशय कळायला ते आड येत नाही.

नगर-चिटणिसाच्या कचेरीच्या दारावर दोन गुण शेजारी शेजारी कोरले आहेत. एकीकडे मेलेल्या धन्याजवळ बसून पहारा करणारा कुत्रा आहे, ही निष्ठा. दुसरीकडे ओठांवर बोट ठेवलेली स्त्री आहे, हे मौन. ज्याच्याकडे लोकांची कागदपत्रे आहेत त्याने विश्वासू असावे आणि त्याने तोंड बंद ठेवावे. कोणत्याही जुन्या पेढीचा मुनीम या दाराखाली उभा राहिला असता तर त्याने मान डोलावली असती. मात्र याच इमारतीच्या खालच्या मजल्यावरील बँकेने पुढे दाखवून दिले, की या दोन गुणांची फारकत झाली म्हणजे काय होते.

ही विनिमय बँक १६०९ साली स्थापन झाली होती. त्या काळी बाजारात अनेक देशांची, अनेक वजनांची, झिजलेली आणि कातरलेली नाणी फिरत. कोणते नाणे खरे किती किमतीचे, यातच व्यापाऱ्याचा वेळ जाई. बँक नाणी पारखून घेई आणि त्यांच्या खऱ्या मोलाइतकी रक्कम खात्यावर जमा करी. ६०० गिल्डरच्या वरची विनिमयपत्रे बँकेमार्फतच वटवावीत असा नियम असल्याने प्रत्येक मोठ्या व्यापाऱ्याचे तेथे खाते असे. एका खात्यातून दुसऱ्या खात्यात रक्कम वळवली की व्यवहार पुरा. बँकेतील पैशाला रोख नाण्यांपेक्षाही जास्त भाव मिळे, एवढी तिची पत होती.

या पतीची परीक्षा १६७२ साली झाली. फ्रान्सचे सैन्य उट्रेख्टपर्यंत येऊन पोहोचले आणि घाबरलेले ठेवीदार बँकेकडे धावले. बँकेने मागेल त्याला नाणी मोजून दिली. अर्थशास्त्रज्ञ अ‍ॅडम स्मिथ यांनी आपल्या १७७६ च्या ग्रंथात नोंदवले आहे, की त्या वेळी बाहेर आलेल्या काही नाण्यांवर जुन्या नगरगृहाच्या आगीत होरपळल्याच्या खुणा होत्या. म्हणजे ती नाणी वर्षानुवर्षे तिजोरीत जशीच्या तशी पडून होती. बँकेने त्यांना हात लावला नव्हता. याहून चांगला ताळेबंद कोणता? दरवर्षी नवे नगराध्यक्ष तिजोरीतील धन वह्यांशी ताडून पाहतात आणि शपथेवर ते पुढच्यांच्या हवाली करतात, असेही स्मिथ सांगतात.

बँकेचा ताळेबंद मात्र जाहीर होत नसे. ठेवीइतके धन तिजोरीत आहे, ते कोणाला उसने दिले जात नाही, अशी लोकांची श्रद्धा होती. प्रत्यक्षात डच ईस्ट इंडिया कंपनीला बँकेतून गुपचूप रकमा दिल्या जात होत्या. जहाजे माल घेऊन परतत आणि पैसे परत येत, तोवर कोणाला काही कळण्याचे कारण नव्हते. १७८० मध्ये इंग्लंडशी युद्ध सुरू झाले. डच जहाजे पकडली गेली, कंपनी खंगली आणि बँकेने दिलेले कर्ज अडकले. शहराचे कारभारी तेच बँकेचे पालक होते आणि कंपनीशीही त्यांचे हितसंबंध गुंतले होते. नाही म्हणणारे कोणी उरले नव्हते. १७९० च्या दशकात सत्य बाहेर आले, तेव्हा पावणेदोनशेहून अधिक वर्षांची पत काही काळातच नाहीशी झाली. १७९९ च्या अखेरीस कंपनी विसर्जित झाली. बँक नावापुरती तग धरून १८१९ साली बंद पडली.

शपथ होती, वह्या होत्या, दारोदारी नीतीची शिल्पे होती. तरी हे घडले. चिटणिसाच्या दारावरचे मौन धन्याच्या हितासाठी होते. बँकेचे मौन धन्यापासून, म्हणजे ठेवीदारांपासूनच, गोष्ट लपवण्यासाठी होते. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. गोपनीयता आणि लपवाछपवी यांतील अंतर ओळखण्याची खूण एकच: ज्याचा पैसा आहे त्याने विचारले, तर वही उघडून दाखवता येते की नाही.

राजा आला

१८०६ साली नेपोलियनने आपला भाऊ लुई याला हॉलंडचा राजा केले. १८०८ मध्ये लुईने नगरगृह आपल्या निवासासाठी घेतले. गॅलऱ्यांमध्ये आडभिंती घालून खोल्या केल्या गेल्या, थंड संगमरवरावर गालिचे पडले आणि चौकाच्या बाजूला सज्जा आला. त्या काळातील खुर्च्या, घड्याळे, मेजे व झुंबरे आजही येथे आहेत आणि त्या शैलीच्या उत्तम संग्रहांत त्यांची गणना होते. चौकातील जुने काटाघर मात्र राजाच्या खिडकीतून दिसणाऱ्या दृश्याच्या आड येत होते. १५६५ पासून शहराच्या मालाचे वजन करणारी ती वास्तू त्याच वर्षी पाडण्यात आली. ज्या चौकाचा मान तराजूने वाढवला होता, त्या चौकातून तराजूच गेला.

लुईचे राज्य १८१० साली संपले. पुढे ऑरेंज घराण्याचा राजा आला, पण वास्तू राजवाडाच राहिली. एवढी अवाढव्य इमारत परत घेऊन सांभाळणे शहराला परवडण्याजोगे नव्हते. १९३० च्या दशकात ती देशाच्या सरकारच्या मालकीची झाली. विसाव्या शतकात गॅलऱ्यांतील आडभिंती काढून मूळ रचना पुन्हा मोकळी करण्यात आली आणि २००५ ते २००९ या काळात मोठी दुरुस्ती झाली. राजघराणे येथे राहत नाही. त्याचे वास्तव्य हेग शहरी असते. पाहुण्या राष्ट्रप्रमुखांचे स्वागत, मेजवान्या आणि समारंभ येथे होतात. ३० एप्रिल २०१३ रोजी राणी बिआट्रिक्स यांनी येथेच मोझेसच्या नावाच्या दालनात पदत्यागाच्या दस्तऐवजावर सही केली आणि नंतर सज्ज्यात येऊन नव्या राजाला जनतेसमोर उभे केले.

जाणाऱ्यांसाठी

समारंभ नसतील त्या दिवशी राजवाडा तिकीट काढून सर्वांना पाहता येतो. समारंभांमुळे तो अनेकदा बंद असतो, म्हणून निघण्यापूर्वी त्याच्या संकेतस्थळावरील दिनदर्शिका पाहणे आवश्यक. हिऱ्यांच्या व्यवसायानिमित्त बेल्जियममधील अँटवर्पला जाणाऱ्यांना रेल्वेने हा प्रवास सहज एका दिवसात जमतो. पाहण्यासाठी दीड ते दोन तास हाताशी ठेवावेत. मुले बरोबर असतील तर त्यांना आधी नकाशावर भारत शोधायला सांगावे आणि मग उंदीर कोणत्या दारावर आहेत ते शोधायला. शेजारच्या ‘नव्या चर्च’मध्ये डच राजांचा पदग्रहण समारंभ होतो, तेही पाहावे. तेथून चालत जाण्याच्या अंतरावर रेम्ब्रांटचे घर आहे. राजवाडा पाहून मग ते घर पाहिले, तर त्या ३६३ नोंदींचा अर्थ नीट उमगतो.

दिवाळखोरीची कचेरी केव्हाच गेली. बँक गेली, कंपनी गेली, गिल्डर हे नाणेही चलनातून गेले. दारावरचे उंदीर मात्र आपल्या जागी आहेत आणि राजाच्या मेजवानीला येणारे पाहुणे आजही त्याच गॅलरीतून जातात.